माझा आजार मला सोडून सगळ्यांना माहीत होता

मला कॅन्सर असू शकतो हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. मुलानं नाही, बायकोनंही नाही. ते सांगितलं जत तालुक्यातल्या बिराप्पा नावाच्या म्हाताऱ्यानं. सांगलीतल्या एका हॉस्पिटलच्या बाकड्यावर तो माझ्या शेजारी बसला होता. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं, आणि नळीला जोडलेली लघवीची पिशवी दिसू नये म्हणून दुसऱ्या कापडी पिशवीत घातलेली.

दोन मिनिटांपूर्वी मी आत डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी कागद चाळले, माझ्याकडं न बघता माझ्या मुलाकडं, सचिनकडं बघितलं आणि म्हणाले, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसता का? यांच्याशी थोडं बोलायचंय."

मी उठलो. चौतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस मी. घाटात गाडी बंद पडली, तर पन्नास उतारूंना काय झालंय आणि किती वेळ लागेल हे खाली उतरून सांगणारा. तो मी शाळेतल्या पोरासारखा उठलो आणि बाहेर येऊन बसलो. त्याचा राग अजून गेलेला नाही. डॉक्टरांचा आहेच, पण माझ्या त्या मुकाट उठण्याचा जास्त आहे.

थोड्या वेळानं सिस्टरनं माझी फाईल माझ्याच हातात दिली आणि सोनोग्राफीच्या खोलीत नेऊन द्यायला सांगितली. मी उघडून बघितली. पहिल्या पानावर तळाशी एक प्रश्नचिन्ह होतं, त्यापुढं इंग्रजीत सी आणि ए ही दोन अक्षरं आणि मग प्रोस्टेट. ड्रायव्हर असलो तरी मी बारावी पास आहे. सी-ए म्हणजे कॅल्शियम हे मला माहीत होतं. माझ्या बायकोच्या, शालनच्या हाडांच्या गोळ्यांवर तेच लिहिलेलं असतं. मला हायसं वाटलं.

बिराप्पा माझ्या फाईलमध्ये डोकावला. "मालक, ही दोन अक्षरं माज्या बी फायलीवर हायती."

"कॅल्शियम," मी म्हणालो. "कमी-जास्त झालं असंल."

"आसं व्हय? मी झाडूवाल्या बाईला इचारलं, तर ती म्हनली क्यान्सर." त्यानं खांद्यावरची घोंगडी सावरली. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "पर कॅल्शियमसाटनं तुमास्नी भाईर कशाला बशीवलं आसंल?"

कॅल्शियमसाठी कुणी कुणाला बाहेर बसवत नाही. मला काय झालंय ते मला तिथं कळलं.

हे मी कशासाठी लिहितोय ते आधी सांगतो. माझ्या वयाचे पुष्कळ पुरुष आज ना उद्या त्या बाकड्यावर बसणार आहेत. त्यांना ही गोष्ट आधी माहीत असावी. मी डॉक्टर नाही. माझं झालं ते तुमचं होईल असंही नाही. पण मला जे कुणी सांगितलं नाही, ते मी सांगू शकतो.

सुरुवात साधी होती. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी लघवीची धार बारीक झाली. सुरू व्हायला वेळ लागायचा. झाली म्हणून बाहेर यावं, तोवर परत जावंसं वाटायचं. झोपेतून तीन-चारदा उठायला लागायचं. गाडीवर असताना मी स्टँड येईपर्यंत तासन्‌तास दाबून धरलेली. त्याचंच हे फळ, असा निकाल मीच लावून टाकला. घरात बोललो नाही. आम्ही पुरुष पारावर बसून जगातलं काय वाट्टेल ते बोलतो, पण लघवी नीट होत नाही हे एक बोलत नाही. विट्यात एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या मुतारीत मी इतका वेळ उभा राहिलो, की मागचा माणूस म्हणाला, "काय पावणं, जेवण हितंच मागवायचं का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर शालननं विचारलं, चेहरा का उतरलाय? मी म्हणालो, ऊन लागलं.

मग गावात आरोग्य शिबिर झालं. साठीच्या वरच्या सगळ्यांचं रक्त घेतलं. फॉर्मवर मोबाईल नंबराचा रकाना होता. माझा फोन साधा, त्याच्यावर रिपोर्ट येत नाहीत, म्हणून मी सचिनचा नंबर लिहिला. सचिन पुण्यात कंपनीत नोकरी करतो. त्या एका रकान्यापायी माझा आजार माझ्या हातून निसटला.

त्या रक्तात पीएसए नावाची एक तपासणी होती. पीएसए म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी असते, साधारण अक्रोडाएवढी, आणि लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. वयाबरोबर ती फुगते, म्हणून धार बारीक होते. या ग्रंथीतून एक प्रथिन रक्तात उतरतं. ते मोजायचं म्हणजे पीएसए. चारच्या आत असलं तर साधारणपणे ठीक धरतात. माझं चौदा पूर्णांक सहा होतं.

आता नीट ऐका. हा आकडा कॅन्सरमुळं वाढतो हे खरं. पण ग्रंथी नुसती फुगली तरी वाढतो. लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी वाढतो. नळी घातली, तरी वाढतो. आकडा मोठा दिसला की पुढं तपासायचं असतं, एवढाच त्याचा अर्थ. शिबिराच्या हॉस्पिटलातून सचिनला फोन आला तो असा नव्हता. "तुमच्या वडिलांचं कॅन्सरचं मार्कर पॉझिटिव्ह आलंय, उशीर करू नका." एवढं बोलून ठेवून दिला.

पुढचे तीन आठवडे माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना कॅन्सर झाला होता.

शालननं माझ्यावर ओरडणं बंद केलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, असा एक आठवडा मी बघितला नव्हता. न मागता शिरा मिळायला लागला. इस्लामपूरहून साडू सफरचंदं घेऊन आला आणि जाताना माझा हात हातात धरून उभा राहिला. सचिन मंगळवारी रजा काढून आला. आणि बांधाशेजारचा विलास, जो पाण्याच्या पाळीवरून माझ्याशी चार वर्षं बोलत नव्हता, तो आपण होऊन म्हणाला, "नाना, आज तुमी घ्या उसाला पानी. माजं ऱ्हाऊ द्या." तिथंच मला कळायला हवं होतं. विलाससुद्धा मला दया दाखवत होता आणि मी वेड्यासारखा खूश होऊन पाणी धरत होतो.

मग "लघवीची जरा तपासणी करून घेऊ" म्हणून मला सांगलीला नेलं, आणि मी त्या बाकड्यावर येऊन बसलो.

तर, बिराप्पाच्या त्या प्रश्नानंतर मी उठलो. दार न वाजवता आत गेलो. सचिन डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसला होता.

"डॉक्टर, मला कॅन्सर हाय का?"

दोघंही दचकले. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, असं घाबरायचं नसतं. तुमच्या मुलाशी माझं सगळं बोलणं झालंय. उद्या एक छोटी तपासणी करू. रिपोर्ट आला की लगेच ऑपरेशनचं ठरवू."

"कसली तपासणी?"

"बायोप्सी. म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायचे. काळजी करू नका, फॉर्म भरून झालाय."

फॉर्म टेबलावर होता. वर माझं नाव, माझं वय. खाली सही सचिनची. बायोप्सीत काय करतात, काय त्रास होऊ शकतो, हे सगळं त्या कागदावर मराठीत छापलेलं होतं, म्हणजे पेशंटनं वाचावं म्हणूनच छापलं होतं. तो पेशंट बाहेर बसला होता.

"तुकडं माज्या अंगातलं काढायचं," मी म्हणालो, "आन् सही ह्याची?"

"अहो, घरच्यांचीच तशी इच्छा असते. पेशंटला टेन्शन नको. तुमच्या भल्यासाठीच आहे."

"भलं माजं हाय, तर मला इचारा की!"

माझा आवाज चढला होता. दारात सिस्टर येऊन उभी राहिली. सचिन "नाना, नाना" करत होता. मी फाईल उचलली आणि बाहेर पडलो. असं करा असं मी कुणाला सांगणार नाही. रागाच्या भरात उपचार सोडून निघून जाणं बरोबर नाही, आणि मी पुढं कुठंच गेलो नसतो तर ते मला महागात पडलं असतं. पण त्या क्षणी मला तिथं एक मिनिट थांबवेना.

बिराप्पा बाकड्यावरून बघत होता. "मालक, कुठं निगालासा?"

"दुसऱ्या डॉक्टरकडं."

"चांगला गावला, तर मला बी सांगा." त्यानं आपला नंबर सांगितला. मी तो फाईलच्या कव्हरावर लिहून घेतला.

सचिन मागोमाग आला, आम्ही त्याच्या गाडीत बसलो आणि तासगाव मागं पडलं. मग द्राक्षांच्या बागांजवळ सचिननं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. "मी काय करायचं होतं, नाना? फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. चौदा म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नाही. मी नेटवर बघितलं, तर सगळीकडं मरणच. आई म्हणाली, त्यास्नी सांगू नगो." चौतीस वर्षांचा पोरगा. तीन आठवडे एकट्यानं हे ओझं घेऊन ऑफिसला जात होता. मला त्याची कणव आली, पण राग गेला नाही. दोन्ही एकदमच होतं.

घरी आल्यावर मी तो सगळा राग शालनवर काढला. माझ्या जिवाची गोष्ट माझ्यापासून लपवायचा हक्क तुला कुणी दिला, असं काय काय बोललो. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. माझं संपल्यावर उठली.

"आवं, अण्णास्नी कुणी सांगितलं हुतं?"

मी उंबऱ्याशी जाऊन बसलो.

"तुमीच न्हवं का डॉक्टरच्या मागं लागला हुता, अल्सर हाय म्हनून सांगा म्हनून? घरातल्या सगळ्यास्नी दम भरला हुता, कोन बोललं तर बगा. मी तुमचंच बगून केलं."

अण्णा माझा थोरला भाऊ. त्याला जठराचा कॅन्सर झाला होता. त्याला कळलं तर तो खचेल, असं मीच ठरवलं आणि डॉक्टरांना गाठून सांगितलं, त्याला बोलू नका. अण्णानं मला दोनदा विचारलं होतं. "नाना, खरं सांग." मी दोन्ही वेळा त्याच्या डोळ्याला डोळा देऊन अल्सर म्हणालो. चार महिन्यांत तो गेला. मी इतकी वर्षं मनात धरून होतो, की मी त्याचं दुःख कमी केलं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. राग तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा हे मला कळत नव्हतं.

आठवड्यानं आम्ही मिरजेला गेलो. मी, शालन आणि सचिन. मिरजेत हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत, पण आम्ही नात्यातल्या एका नर्सला विचारून गेलो. तिथल्या मूत्ररोगतज्ज्ञ एक बाई निघाल्या. चाळिशीच्या असतील. बाईमाणसाला हे कसं सांगायचं, म्हणून मी दारातच अडखळलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि मला म्हणाल्या, "काका, त्रास तुम्ही सांगा."

सचिन बोलायला लागला. त्या म्हणाल्या, "तुमचं नंतर ऐकते."

मी सगळं सांगितलं. लग्नातल्या मुतारीचंसुद्धा. शालन डोळे मोठे करून ऐकत होती. तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. मग मी फाईलमधलं ते पान पुढं केलं.

"हे प्रश्नचिन्ह आहे ना," डॉक्टर बाई म्हणाल्या, "त्याचा अर्थ शंका आहे. उत्तर अजून आलेलं नाही. ते शोधायचंय."

"हे सांगायला किती वेळ लागतो, बाई?"

"आत्ता लागला तेवढाच." आणि त्या हसल्या.

मला मात्र हसू आलं नाही. तीन आठवडे सगळं घर रडलं, पोराची झोप गेली, भाऊबंद भेटून गेले ते या एवढ्याशा वेळासाठी. गर्दी असते, पेशंट ढीगभर असतात, हे मला मान्य आहे. मीही भरलेली गाडी चालवलीय. पण सचिनशी बोलायला त्या डॉक्टरांकडं वेळ होता. तोच वेळ माझ्याशी बोलायला वापरायचा होता.

मग तपासण्या सुरू झाल्या. पहिली बोटानं करायची. त्याला डीआरई म्हणतात. मोजा घालून गुदद्वारातून बोटानं प्रोस्टेट चाचपतात, कडक लागते का, गाठ आहे का बघतात. लाज वाटते, पण अर्ध्या मिनिटात होते. ही तपासणी लाजेपायी टाळू नका. युरोफ्लोमेट्री म्हणजे एका नरसाळ्यात लघवी करायची, मशीन धारेचा जोर मोजतं. कागदावर माझ्या धारेची रेघ आली, ती डोंगरासारखी असायला हवी होती, माझी माळासारखी सपाट. सोनोग्राफीत दिसलं की ग्रंथी फुगलेली आहे आणि लघवी केल्यावरही बरीच आत शिल्लक राहते. आणि लघवीच्या तपासणीत निघाला जंतुसंसर्ग. पू होता.

साधी लघवीची तपासणी. शिबिरात कुणी केली नव्हती, सांगलीतही नाही. संसर्ग असताना पीएसए मोजला तर आकडा फुगून येतो, असं बाईंनी सांगितलं. आधी संसर्ग बरा करू, सहा आठवडे थांबू, मग परत मोजू. गोळ्या दिल्या. त्यातली एक गोळी धार मोकळी व्हावी म्हणून होती. पंधरा दिवसांत फरक पडला. इतकी वर्षं मी ज्याला म्हातारपण समजत होतो, त्यातलं निम्मं एका गोळीनं गेलं.

सहा आठवड्यांनी आकडा आला सात पूर्णांक आठ. निम्मा झाला होता. मला इतका आनंद झाला की मी दवाखान्यातच सचिनच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, चांगलं आहे, पण पुरेसं नाही. संसर्गानं वाढलेलं उतरलं. उरलेलं कशानं आहे ते बघायला पाहिजे." त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही. तेव्हा ते कडू लागलं.

एमआरआय झाला. बोगद्यासारख्या मशीनमध्ये अर्धा-पाऊण तास पडून राहायचं, किरणं नसतात, चुंबक असतं, आणि आवाज असा की पत्र्यावर कुणी हातोडे घालतंय. प्रोस्टेटच्या डाव्या बाजूला एक डाग दिसला. आता बायोप्सी हवीच होती.

म्हणजे मी ज्या तपासणीवरून भांडून उठलो होतो, तीच करायची वेळ आली. पण या वेळी फॉर्म माझ्या हातात होता. मी चष्मा लावून सगळा वाचला. तीन प्रश्न विचारले. रक्त किती दिवस पडेल? ताप आला तर काय करायचं? काही निघालं नाही तर पुन्हा करावी लागेल का? तिन्हींची उत्तरं मिळाली. मग सही केली. माझी स्वतःची.

बायोप्सीत कुशीवर झोपवतात. भूल फक्त त्या जागेपुरती. सोनोग्राफीची नळी गुदद्वारातून घालून, बघत बघत सुईनं तुकडे घेतात. दर वेळी स्टेपलर मारल्यासारखा टक् आवाज. दुखण्यापेक्षा त्या आवाजाची धास्ती जास्त. मी मोजले, चौदा वेळा आवाज आला. नंतर चार-पाच दिवस लघवी लालसर होत होती. ताप आला तर घरी न थांबता यायचं असं बजावलं होतं. आला नाही.

रिपोर्टला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत मी एक काम केलं, जे मला फार आधी करायला हवं होतं. अण्णाच्या घरी गेलो. वहिनी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि सांगितलं, की मला बहुतेक कॅन्सर आहे, आणि अण्णाच्या वेळी सगळ्यांना गप्प बसवणारा मीच होतो.

"म्हाईत हाय की," वहिनी म्हणाल्या. शेंगा फोडणं त्यांनी थांबवलं नाही. "भावजी, तुमी आज आलासा म्हनून सांगते. माजा तुमच्यावर राग हाय. त्यास्नी म्हसवडला जायाचं हुतं. कुसुमला भेटायला. चार महिनं रोज म्हनत हुतं, अल्सर बरा झाला की जातो. खरं ठावं आसतं तर त्या दिशीच गेलं आसतं."

कुसुम आमची सगळ्यात धाकटी बहीण. तिचं आणि अण्णाचं जमिनीच्या वाटणीवरून बिनसलं होतं. दोघं भेटले नाहीत ते नाहीतच.

मी माफी मागितली. "मागून काय हुतंय आता," एवढंच वहिनी म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांचा राग खरा आहे आणि तो त्यांनी ठेवावा. माझ्यापासून तीन आठवडे लपवलं म्हणून मी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. अण्णापासून मी त्याचे शेवटचे चार महिने लपवले, आणि त्याला भांडायला जागाही ठेवली नाही.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर बाईंनी मला समोर बसवलं, शालनला शेजारी. म्हणाल्या, "काका, कॅन्सर आहे. पण मंद जातीचा आहे, आणि थोडाच आहे. आता याचा अर्थ सांगते."

चौदा तुकड्यांपैकी दोनमध्ये कॅन्सर निघाला होता. त्याचा ग्लीसन स्कोअर तीन अधिक तीन, म्हणजे सहा. पेशी किती बिघडल्यात त्याचं हे मोजमाप. सहा ऐकून मी घाबरलो, कारण दहापैकी सहा म्हणजे अर्ध्याच्या वर. बाईंनी समजावलं, की कॅन्सर ठरला की मोजणी धरतात तीच सहापासून, म्हणजे सहा हा सगळ्यात खालचा आकडा. तो माझ्या आत वर्षानुवर्षं काही न करता पडून राहू शकतो. किंवा वाढूही शकतो. ऑपरेशन करता येईल, किरणं देता येतील, त्यांचे त्रासही आहेत. लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो. हे त्या शालनसमोर स्पष्ट बोलल्या. तिसरा रस्ता ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स, म्हणजे लगेच काही कापाकापी न करता डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षानं पुन्हा एमआरआय आणि बायोप्सी. वाढतोय असं दिसलं, तर लगेच उपचार.

"निर्णय तुमचा," त्या म्हणाल्या. "घाई नाही. विचार करून सांगा."

कॅन्सर आहे हे ऐकून मला काय वाटलं? भीती वाटलीच. पण त्याच्या पाठोपाठ एक विचित्र गोष्ट वाटली. बरं वाटलं. पाय जमिनीला लागल्यासारखं. एवढं वाईट वाक्य माझ्याकडं सरळ बघून माझ्याशी कुणीतरी बोललं होतं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

सांगलीच्या डॉक्टरांविषयीही खरं तेच बोलायला हवं. त्यांची शंका बरोबर होती. कॅन्सर निघालाच. मला दाराबाहेर बसवलं, तिथं ते चुकले. आणि माझ्यासारखा दुसरा कुणी तिथून उठून घरी जाऊन बसला असता, शंका खरी असूनही, तर त्याचं पाप कुणाच्या माथी गेलं असतं?

मी लक्ष ठेवायचा रस्ता घेतला. माझ्या आजाराला तो बसतो म्हणून. बिराप्पाला तो चालणारा नव्हता. मी त्याला फोन करून मिरजेला बोलावून घेतलं होतं. त्याचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला निघाला. त्याला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं, सोबत गोळ्या. कंबरेचं दुखणं कमी झालंय, पिशवी सुटलीय, आणि तो मेंढरांमागं पुन्हा थोडं थोडं चालतो. त्याला किती दिवस आहेत हे त्यानं बाईंना स्वतः विचारलं. बाईंनी सांगितलं. मला त्यानं एवढंच सांगितलं, "कामं उरकाय लागलोय."

तुम्हाला एवढंच सांगतो. फॉर्मवर स्वतःचा नंबर घाला. रिपोर्ट स्वतः बघा, कळला नाही तर विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. पीएसए जास्त आला म्हणजे मरण आलं असं नाही, आणि काहीच नाही असंही नाही. मुलांनो, तुम्ही आईबापाची काळजी करता, ती करा. पण त्यांच्या आजारावर सही करू नका.

निर्णय कळवून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी कुसुमला फोन लावला. कुणाच्या तोंडून तिच्या कानावर जाण्याआधी मला स्वतः सांगायचं होतं. तिनं ऐकून घेतलं, थोडं रडली, मग म्हणाली, "फोनवर काय सांगतोस? इकडं ये."

मी एसटीनं गेलो. म्हसवडच्या स्टँडवर ती आधीच येऊन उभी होती. मी उतरायच्या आत तिचं सुरू झालं, आणि आवाज मुळातच मोठा. "नाना, दुखतं का रं? लगवी नीट हुती का? रक्त पडतंय का? बाईनं बोट घालून तपासलं म्हनं, खरं व्हय?" स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. कंडक्टर तिकिटाची मशीन हातात धरून थांबला. मी माझी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच, तिच्याएवढ्याच मोठ्या आवाजात, एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायला लागलो.